नमुना क्रमांक सतरा

एप्रिलच्या तेवीस तारखेला सकाळी दहाच्या आतच धरणखेडच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत रक्ताच्या चौदा बाटल्या आल्या. एरवी तेवढ्या यायला पंधरवडा लागायचा. अश्लेषा बोरसेनं नावं रजिस्टरमध्ये चढवायला घेतली आणि सहाव्या ओळीशी तिचा हात थांबला. मीनल नेरकर, वय सत्तेचाळीस, तापीनगर कॉलनी. मीनलवहिनी तिच्या समोरच्याच घरात राहायच्या. चार दिवसांपूर्वी गेटवरून म्हणाल्या होत्या, "उन्हाचाच ताप असेल गं. अंग नुसतं भाजतंय."

तो उन्हाचा ताप नव्हता. संध्याकाळी वंशवेलनं निकाल दिला: टायफॉइड. तोही असा, की दवाखान्यात मिळणाऱ्या नेहमीच्या औषधांपैकी एकही त्याला लागू पडत नव्हतं. एकाच प्रकारचं इंजेक्शन चालण्यासारखं होतं आणि त्याचा साठा जिल्ह्यात वीस माणसांपुरता होता.

वंशवेल हे यंत्र प्रयोगशाळेत येऊन दोन वर्षं झाली होती. दिसायला मिक्सरएवढं, पण त्यानं साथीच्या तपासाची रीतच बदलून टाकली होती. टायफॉइडच्या जंतूची जनुकीय पोथी सुमारे अठ्ठेचाळीस लाख अक्षरांची असते. एका जंतूचे दोन होताना ती सगळी अक्षरं उतरवली जातात, आणि क्वचित एखादं चुकतं. साधारण दोन वर्षांत एक. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच उतरत राहते. वर्गात दोन मुलांच्या वहीत एकच विचित्र चूक दिसली की कोणी कोणाचं पाहून लिहिलंय ते बाईंना कळतं, तसंच हे. वंशवेल तीन तासांत सगळी पोथी वाचायचं, साठवलेल्या हजारो नमुन्यांशी ताडून पाहायचं आणि पडद्यावर वेल काढायचं: कोणता जंतू कोणाचा पूर्वज, कोणती फांदी कुठून फुटली.

त्या दिवशी वेलीवर चौदा पानं एकाच देठाला लटकलेली दिसली. चौदाही जणांतल्या जंतूंत एका अक्षराचाही फरक नव्हता.

"एकच उगम," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. रुबाब तडवी पडद्याकडे बघत म्हणाले. "पाण्याची टाकी?"

"पाणी असतं तर सगळ्या वॉर्डांतून आले असते, सर. यातले अकरा पत्ते तापीनगरचे आहेत." अश्लेषाच्या मनात हिशेब आधीच जुळला होता. "नऊ तारखेला कॉलनीच्या हॉलमध्ये चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. बरोबर चौदा दिवस. मीपण होते तिथं."

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत वेगळंच वारं शिरलं. तिघांच्या जागी सात जण कामाला आले. शीघ्र प्रतिसाद पथक घरोघर फिरून नमुने आणि माहिती आणू लागलं, नळांचं क्लोरिन दिवसातून दोनदा तपासलं जाऊ लागलं, दुपारी बारा वाजता कलेक्टर कचेरीशी रोजचं बोलणं ठरलं. रुग्ण चौदाचे सव्वीस झाले, सव्वीसचे एकतीस. बहुतेक सगळ्या त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका. सगळ्यांनी तेच खाल्लं होतं: आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाच्या फोडी.

अश्लेषानं पन्हं घेतलं नव्हतं. घसा बसला होता आणि पन्ह्यात बर्फ होता. ती ठणठणीत होती. तिनं मागचा धागा पकडून पाहिला. बर्फ आणला होता एस. टी. स्टँडसमोरच्या रंजनाबाई कोळी यांच्या रसवंतीतून. डाळीचा प्रश्नच नव्हता, ती तर तिनंच केली होती. चार किलो हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, कैरी किसून, स्वतःच्या धुतलेल्या हातांनी कालवली होती. टायफॉइड होऊन गेलेल्या शंभरातल्या दोनतीन जणांत जंतू पित्ताशयात वर्षानुवर्षं मुक्काम करतो, माणूस धडधाकट असतो आणि अधूनमधून जंतू बाहेर सोडत राहतो, हे तिला पाठ होतं. असा कोणीतरी त्या रसवंतीत बर्फ फोडत असणार. तिनं अंतरिम अहवाल लिहायला घेतला.

"नाव कशाला?" डॉ. तडवींनी मसुदा वाचून विचारलं. "बर्फाचे सगळे विक्रेते तपासावेत, एवढंच लिही."

"सर, गावात बर्फ विकणारे साठ जण आहेत. पथकानं साठ ठिकाणी फिरायचं की एका? आणि नाव कळलं की लोकही सावध होतात."

"नाव कळलं की लोक सावध होत नाहीत, अश्लेषा. मोकळे होतात."

तिला ते पटलं नाही. त्याच दुपारी मीनलवहिनींना अतिदक्षता विभागात हलवल्याचा निरोप आला होता. तिनं नाव ठेवलं, डॉक्टरांनी सुस्कारा टाकून सही केली. अहवाल गोपनीय होता. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक फोनवर फिरत होता.

सकाळी रसवंतीवर माणसं चालून गेली. उसाचा चरक उलथवला, बर्फाची पेटी रस्त्यावर फोडली. रंजनाबाई आडव्या आल्या तर एक दगड त्यांच्या कपाळाला लागला. पोलिसांनी त्यांना गाडीत घालून रुग्णालयाच्या विलगीकरणात नेऊन ठेवलं. नव्या साथ कायद्याप्रमाणे शौचाचे तीन नमुने निर्दोष आल्याशिवाय त्यांना बाहेर येता येणार नव्हतं. अश्लेषाला वाईट वाटलं, पण कामाच्या रेट्यात ते टिकलं नाही. त्याच दिवशी मीनलवहिनी गेल्या.

रंजनाबाईंचा पहिला नमुना निर्दोष आला. दुसराही. "रोज बाहेर पडतातच असं नाही," अश्लेषानं स्वतःलाच समजावलं आणि तिसऱ्यासाठी चार दिवस थांबायला सांगितलं.

त्या चार दिवसांत राज्याच्या मुख्य प्रयोगशाळेतून बर्फाच्या पेटीत घातलेल्या जुन्या कुप्या आल्या. धरणखेड परिसरात तेवीस वर्षांपूर्वी टायफॉइडची एक साथ येऊन गेली होती. त्या वेळचे एकोणतीस नमुने उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवलेले होते, पण ते वाचायला कोणाला सवड झाली नव्हती. अश्लेषानं ते एकेक करून वंशवेलवर चढवले.

मे महिन्याच्या चार तारखेला, दुपारी, जेवायला उठता उठता तिनं पडद्याकडे पाहिलं आणि परत बसली.

जुन्या एकोणतीस नमुन्यांचं एक छोटंसं झुडूप डावीकडे उगवलं होतं. त्यातल्या एकाच पानातून, नमुना क्रमांक सतरामधून, एक देठ निघून सरळ उजवीकडे गेला होता आणि त्याच्या टोकाला यंदाचे सगळे रुग्ण घोसासारखे लागले होते. मधे बारा अक्षरांचं अंतर. दोन वर्षांत एक चूक धरली तर तेवीस-चोवीस वर्षं. आणि त्या लांब देठाला मधे एकही फांदी नव्हती. जंतू गावात फिरत राहिला असता तर कुठं ना कुठं फांद्या फुटल्या असत्या, देशातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेनं एखादी टिपली असती. नव्हती. याचा अर्थ एकच होता. हा जंतू तेवीस वर्षं एकाच माणसाच्या शरीरात गुपचूप राहिला होता.

तिनं सतरा क्रमांकाची जुनी नोंद उघडली. त्या वेळी नावं काढून टाकायची पद्धत होती. उरलं होतं ते एवढंच: मुलगी, वय नऊ, पुनर्वसन वसाहत, गट चार.

धरणात गाव गेल्यावर अश्लेषाच्या वडिलांना गट चारमध्ये पत्र्याचं घर मिळालं होतं. ती नऊ वर्षांची असताना तिला मोठा ताप आला होता. त्यातलं तिला स्वतःला फारसं आठवत नव्हतं, पण तापानंतर केस पुंजक्यांनी गळले आणि आईनं डोकं भादरून शाळेत पाठवलं, मुली हसल्या, ते पक्कं आठवत होतं. गट चारमध्ये पन्नास घरं होती. नऊ वर्षांच्या आणखी मुली असतीलच, तिनं स्वतःला सांगितलं. मग तिला लेक इरा पोटात असतानाची सोनोग्राफी आठवली. पित्ताशयात दोन खडे दिसले होते. डॉक्टर म्हणाले होते, त्रास देत नाहीत तोवर राहू द्या. टायफॉइडचा जंतू खड्यांवरच थर धरून बसतो. हे वाक्य तिनं स्वतः नव्या तंत्रज्ञांना कितीदा शिकवलं होतं.

तिनं स्वतःचा नमुना घेतला. बाटलीवर फक्त क्रमांक टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी वेलीला आणखी एक पान आलं. ते घोसात नव्हतं. घोसाच्या अलीकडे, त्या लांब देठावरच लागलं होतं.

घरचं जेवण तिच्या हातचं असूनही घरात कोणी आजारी का पडलं नाही, याचंही उत्तर तिला त्या क्षणी मिळालं. भाजी उकळते, पोळी भाजली जाते, आचेवर जंतू मरतो. आंब्याची डाळ शिजवत नाहीत. बेचाळीस अंशांच्या उन्हात ती तीन तास परातीत झाकून ठेवलेली होती.

डॉ. तडवींच्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी आधी तिला बसवलं, पाणी दिलं. वेलीचा कागद बराच वेळ निरखला.

"चाळीस रुग्ण झाले, सर. तिघं गेले. सदतीस जण पडून आहेत. माझ्या हातून."

"तुझ्या पित्ताशयातून," ते म्हणाले. "हात म्हणू नकोस. तू काही केलेलं नाहीस. पित्ताशय काढावं लागेल. या जंतूला गोळ्या चालत नाहीत, तुला माहीत आहे. ऑपरेशनपर्यंत विलगीकरण. आणि अहवालात मी लिहीन, वाहक व्यक्ती सापडली, उपचार सुरू आहेत. संपलं."

"आणि रंजनाबाई?"

"तिसरा नमुना आजच निर्दोष आलाय. उद्या सुटतील."

"सुटतील. पण गाव म्हणणार, काही सापडलं नाही म्हणून सोडलं. माझं नाव आल्याशिवाय त्यांचं नाव पुसलं जाणार नाही."

डॉ. तडवी पुढं झुकले. त्यांचा आवाज चढला नाही, पण कडक झाला. "नीट ऐक. टायफॉइड ज्या बाईनं पसरवला तीच नमुने तपासत होती, असं गावानं ऐकलं तर उद्या इथं बाटली घेऊन कोण येईल? लोक तापानं घरात पडून राहतील, पण आपल्या दारात पाऊल टाकणार नाहीत. तुला एका बाईला न्याय द्यायचाय. मला चार लाख लोकांची काळजी आहे."

त्यांचं चूक नव्हतं. हेच तिला सगळ्यात जड गेलं.

घरी तिनं नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून सांगितलं. हर्षलनं इराला आतल्या खोलीत पाठवलं. मग म्हणाला, "सर म्हणतात ना नाव बाहेर येणार नाही? मग तू कशाला ओढवून घेतेस? इरा याच कॉलनीत खेळते, अश्लेषा."

वैशालीताईंनी, तिच्या सासूबाईंनी, उठून तिचं ताट, वाटी आणि पाण्याचा तांब्या मांडणीवरून उतरवला आणि मागच्या ओसरीत नेऊन ठेवला. येताना त्यांचे डोळे भरलेले होते. "माझ्या मनात काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पोर लहान आहे म्हणून."

"बरोबर केलंत, आई," अश्लेषा म्हणाली. तिनंही तेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात भरती व्हायच्या आधी ती समोरच्या घराच्या पायरीशी गेली. मास्क लावून, अंगणातच उभी राहिली. मीनलवहिनींचे यजमान नेरकर सर दारात आले. आठवडाभराची दाढी वाढलेली, चष्म्याची काच पुसायचीही शुद्ध नव्हती. तिनं जे होतं ते सांगितलं. न अडखळता, प्रयोगशाळेत निकाल सांगतात तसं. दुसऱ्या कुठल्या प्रकारे तिला ते सांगताच आलं नसतं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग कशाला सांगितलंत?" त्यांचा आवाज फाटला. "मी कोणाचा तरी राग करत होतो. त्यावर उभा होतो मी." ते पायरीवर बसले. खाली बघत म्हणाले, "रसवंतीवर मी गेलो होतो त्या दिवशी. बत्तीस वर्षं वर्गात पोरांना शिस्त शिकवली, आणि मी दगड उचलला. तो त्या बाईच्या कपाळाला लागला तो माझाच असेल. नसेलही. मला कळायला मार्ग नाही."

"मी आता त्यांच्याकडेच चाललेय," ती म्हणाली. नेरकर सर उठले नाहीत. ती एकटीच गेली.

विलगीकरणाच्या खोलीत रंजनाबाई पिशवी भरून कॉटवर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर टाक्यांची पट्टी. सुटकेचा कागद यायचा होता. अश्लेषा दारातच थांबली आणि चौथ्यांदा तेच सगळं बोलली.

"म्हणजे तुमच्या पोटात होतं," रंजनाबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"नाही."

"मलापण ठाऊक नव्हतं, माझ्यात नाही ते." त्यांनी पिशवीची दोरी ओढून गाठ मारली. "मशीननं सांगितलंय म्हणाले सगळे. मशीन कशाला खोटं बोलेल? नऊ दिवस मी इथं बसून तेच म्हणत होते, की रंजने, तीन माणसं मारलीस तू. बर्फ कुठल्या फडक्यात गुंडाळला, हात कुठल्या पाण्यानं धुतले, एकेक दिवस आठवून बघत होते. त्या नेरकर मास्तरणीबाईंचं तोंड रोज समोर यायचं. त्या माझ्याकडे पोरींना घेऊन रस प्यायला यायच्या."

"मशीननं तुमचं नाव नव्हतं सांगितलं," अश्लेषा म्हणाली. "ते मी लिहिलं."

रंजनाबाईंनी प्रथमच तिच्याकडे रोखून पाहिलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आता पण लिहा. माझ्याजवळ तोंडानं सांगून मला काय उपयोग? जसं आधी लिहिलं होतं, तसंच लिहा. नाव घालून."

अश्लेषानं नर्सकडून कागद मागितला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिलं. रंजनाबाई कोळी यांच्यात किंवा त्यांच्या बर्फात जंतू सापडला नाही. आपण अंतरिम अहवालात पुराव्याविना त्यांचं नाव घातलं. साथीचा उगम नमुना क्रमांक सतरा, म्हणजे सौ. अश्लेषा हर्षल बोरसे. खाली सही केली, फोटो काढून डॉ. तडवींना पाठवला आणि निरोप टाकला: तुम्ही अडवू शकता, सर. तासाभरानं त्यांचं उत्तर आलं. त्यांनी अडवलं नव्हतं. पत्र कलेक्टर कचेरीत गेलं होतं.

त्यानंतर जे व्हायचं ते सगळं झालं. तापीनगरच्या घरावर कोणी कोळशानं काहीबाही लिहिलं. हर्षल इराला घेऊन भुसावळला बहिणीकडे गेला. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं, दोन्ही खड्यांवर जंतूंचा थर होता. कोणीतरी रसवंतीचा चरक उभा करून दिला, पण गिऱ्हाईक येत नव्हतं. लोकांना लाज वाटत होती की भीती, ते रंजनाबाईंनाही कळत नव्हतं. आणि प्रयोगशाळेत, पत्र गावभर झालं त्या दिवशी दोन नमुने आले, दुसऱ्या दिवशी एक, मग सलग तीन दिवस एकही नाही.

चौथ्या दिवशी दुपारी डॉ. तडवींचा फोन आला. अश्लेषा कॉटवर उशीला टेकून बसली होती, टाके ओढत होते.

"तीन दिवस शून्य," ते म्हणाले. "वर कळवलं, तर साथ आटोक्यात आली म्हणून सगळे खूश आहेत."

"आटोक्यात आली की लोक यायचे बंद झाले, सर?"

"तेच तर वंशवेल सांगू शकत नाही. जे नमुने येतात तेवढंच त्याला दिसतं. सकाळी पथक पाठवलं. स्टँडसमोरच्या गल्लीत अकरा दारं वाजवली. अकराही बंद राहिली."

तिनं डोळे मिटले. हे त्यांनी आधीच बजावलं होतं, पण आता ते 'सांगितलं होतं ना' असं म्हणत नव्हते.

"मग रंजनाबाई आल्या," ते पुढं म्हणाले. "रसवंतीतून त्यांना गल्ली दिसते. पदर खोचून सरळ पहिल्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी रंजना कोळी. माझा नमुना तीनदा घेतला, मी काही मेले नाही. उघडा. आतल्या माणसानं त्यांचा चरक उलथवला होता म्हणे. त्यानं उघडलं."

"त्या का आल्या, सर?"

"मीपण विचारलं. म्हणाल्या, तुमच्या त्या बाईसाठी नाही आले. या गल्लीत पोरं आहेत म्हणून आले."

"किती दारं उघडली?"

"आतापर्यंत चार. दोन नमुने मिळाले. त्यातला एक जण अंगानं चांगलाच तापलेला आहे. आठ दिवसांपासून घरात झाकून ठेवलेला."

म्हणजे साथ संपली नव्हती. अश्लेषा सरळ बसली. पोटात कळ आली, तिनं हातानं टाके दाबून धरले. "तो आधी लावा, सर. आणि घरातल्या सगळ्यांचे घ्या. रजिस्टरमध्ये आणि बाटलीवर नाव घालायला देऊ नका कोणाला. क्रमांक द्या."

"दिलाय," डॉ. तडवी म्हणाले. "एक्केचाळीस."